लाखीश

लाखीश : प्राचीन यहूदा राज्यातील तटबंदीचे नगर. यरुशलेमनंतर राज्यात याचेच महत्त्व होते. जागा आजच्या इस्राएलमध्ये, यरुशलेमच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किमी.वर, शेफेला टेकड्यांत असून ‘तेल लाखीश’ म्हणून ओळखली जाते. किनाऱ्याकडून डोंगराळ प्रदेशात शिरणारी वाट या गडाच्या नजरेखाली होती. यरुशलेमवर चालून येणाऱ्या शत्रूला तो आधी जिंकावा लागे, तो त्यामुळेच.

इ.स.पू. चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांत (इजिप्तमध्ये सापडलेला, मातीच्या पाट्यांवरील राजकीय पत्रव्यवहार) हे कनानी (यहूदी राज्यापूर्वीच्या स्थानिक लोकांचे) नगर म्हणून येते. इस्राएली लोकांचा नेता यहोशवा याने ते जिंकल्याचे आणि पुढे यहूदाचा राजा रहबाम याने मजबूत केल्याचे बायबल सांगते. यरुशलेममधील कटातून निसटलेला राजा अमस्या इथेच मारला गेला.

लाखीशचे नाव राहिले ते इ.स.पू. ७०१ च्या वेढ्यामुळे. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूर (असीरिया) साम्राज्याविरुद्ध बंड करताच अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. बायबलमध्ये या लढाईचे वर्णन जवळजवळ नाही. सन्हेरीबाचा तळ लाखीशला होता आणि हिज्कीयाने तिथे शरणागतीचा निरोप धाडला, एवढेच कळते. उरलेली हकिकत अश्शूरची राजधानी निनवे येथील राजवाड्यातील शिल्पपटांनी सांगितली. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी ते उजेडात आणले. आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तट फोडणारी यंत्रे धमधम्यावरून (तटापर्यंत चढवलेल्या उतरत्या भरावावरून) वर चढत आहेत, तटावरून जळते पलिते पडत आहेत, आणि यंत्रातला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पाणी ओतून आग विझवतो आहे. पुढे सुळावर दिलेले कैदी, बैलगाडीत बायकामुलांसह सामान लादून निघालेली कुटुंबे आणि सिंहासनावर बसून लूट पाहणारा सन्हेरीब. विजेत्याने आपल्या गौरवासाठी कोरवलेला हा पट असला, तरी हरलेल्यांच्या हालांचा इतका बारकाईने दिलेला पुरावा त्या काळातून क्वचितच मिळतो.

शिल्पातली ही लढाई जमिनीतही सापडली. डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात (१९७३–९४) नैर्ऋत्य कोपऱ्यात दगडांचा खरा धमधमा उघडा पडला. त्याच्यासमोर तटाच्या आत घाईने उभारलेला दुसरा भरावही मिळाला : बाहेरचा तट कोसळला तरी लढत राहण्याची ती बचावकर्त्यांची तयारी होती. शेकडो बाणाग्रे, गोफणगुंडे आणि लोखंडी साखळीचा तुकडाही तिथे सापडला. लाखीश पडले, हजारो लोक देशोधडीला लागले. यरुशलेम मात्र शत्रूच्या हाती लागले नाही.

नगर पुन्हा वसले आणि सुमारे शतकभराने नबुखद्नेस्सराच्या बाबिली फौजेपुढे पडले. त्या सुमाराची, खापरांवर शाईने लिहिलेली हिब्रू पत्रे जेम्स लेस्ली स्टार्की यांना १९३५ मध्ये वेशीजवळील खोलीत सापडली. एका पत्रात चौकीवरचा अंमलदार वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका (जवळचे दुसरे तटबंदीचे नगर) दिसत नाही. यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती, असे बायबलमधील यिर्मयाच्या ग्रंथातही म्हटले आहे. बाबिलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी पुढे इथे राहिल्याची नोंद बायबलमधील नहेम्याच्या ग्रंथात आहे.