कोहळ्याच्या तीन जाती आणि तुमची वाडी

आपल्याकडे कोहळं म्हणजे बोंडाचं, लाल गराचं. पुण्या-मुंबईकडे त्यालाच लाल भोपळा म्हणतात. हे पत्रक त्याच कोहळ्याचं आहे, पेठ्याच्या राखी कोहळ्याचं नाही.

आमच्या दुकानात तीन जातींचं बियाणं मिळतं. अर्का सूर्यमुखीचं फळ किलोभराचं, नारंगी सालीवर पांढरट पट्टे असलेलं. लहान घराला एका वेळच्या भाजीत संपतं, साधारण 100 दिवसांत येतं आणि फळमाशीचा त्रासही कमी. अर्का चंदन 2 ते 3 किलोचं, गर घट्ट आणि सुवासिक. बोंडांसाठी आम्ही हेच देतो. पुसा विश्वासचं फळ 5 किलोच्या आसपास भरतं, पण वेल फार पसरतो. वाडी लहान असेल तर ही जात घेऊ नका.

पावसाळी लावण जून-जुलैत, उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खोल आळं न करता मातीचा उंचवटा करा. त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळा, 2-3 बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचा आणि पुढे एकच जोमदार रोप ठेवा. दोन वेलांत 2 ते 3 मीटर अंतर हवंच. वेल पऱ्हाटीच्या कुंपणावर चढवा नाहीतर कवेलूवर, तो कुठेही रमतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती फुलगळीची. मागच्या हंगामात एक काकू ओंजळभर गळालेली फुलं घेऊन आल्या, "बी खराब दिलं," म्हणाल्या. फुलं पाहिली तर सगळी नर, लांब सरळ देठाची. वेलाला आधी नर फुलंच येतात आणि ती गळणारच. मादी फुलाखाली सुपारीएवढं कोहळं आधीच दिसतं. तेही पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. अशा वेळी सकाळी फुलं उमलली की नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधल्या दांडीवरची पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. नऊनंतर करून फारसा उपयोग नाही, फुलं मिटू लागतात. मधमाश्याही याच वेळी येतात, म्हणून निंबोळी अर्क फवारायचा तर संध्याकाळीच. युरिया जास्त झाला की पानं माजतात आणि मादी फुलं कमी येतात.

घरचं बी धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. चंदन आणि विश्वास एकाच प्रजातीतले, जवळजवळ लावले तर त्यांचा संकर होतो. यंदाचं फळ चांगलंच निघेल, फरक पडेल तो त्याच्या बियांतून येणाऱ्या पुढच्या वेलात. सूर्यमुखीची प्रजाती वेगळी, ती या दोघांत सहसा मिसळत नाही. चंदनचं शुद्ध बी हवं असेल तर आदल्या संध्याकाळी त्याच्या नर-मादी कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून हाताने परागीभवन करा आणि मादी फूल पुन्हा बांधून त्या फळाला खूण करा.

वाढत्या फळाखाली कुटार पसरा, ओल्या मातीवर ते सडतं. देठ वाळून कडक झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की दोन बोटं देठ ठेवून तोडा. हवेशीर जागी ते महिनोन्महिने टिकतं. चिरल्यावर गर कडू लागला तर मात्र खाऊ नका, गुरांनाही घालू नका.

अडचण आली तर एक पान आणि एक फूल घेऊन सकाळीच दुकानात या.