गिटारचे लाकूड

अकूस्टिक गिटारच्या तारेला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. ताणलेली बारीक तार हवा फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्याला, हलवते, घोडी आपल्याखालच्या पातळ फळीला हलवते, आणि ती फळी व पेटीतली हवा मिळून खोली भरेल एवढा नाद निर्माण करतात. सतार-तंबोऱ्याचे कारागीर या वरच्या फळीला तबली म्हणतात. या नोंदीत गिटारसाठीही तोच शब्द वापरला आहे. गिटारच्या लाकडाची निवड म्हणजे मुख्यतः तबलीची निवड. पाठ, बाजू, दांडी आणि पडद्यांची पट्टी (दांडीवरची, सुरांच्या जागा दाखवणारे धातूचे पडदे बसवलेली फळी) यांच्या लाकडाचा विचार त्यानंतर येतो, मात्र दुकानात बोलणे बहुतेक वेळा पाठीच्या लाकडापासून सुरू होते.

तबलीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण ७० ते ८० किलोच्या आसपास भरतो, नायलॉनच्या तारांचा साधारण ४० किलो. हा ताण घोडीला रात्रंदिवस ओढत असतो. तबली जाड ठेवली तर ती ताण सहज पेलते, पण मुकी होते. फार पातळ केली तर सुरुवातीला मोकळी बोलते आणि पुढे घोडीच्या मागे फुगत जाते. म्हणून वजनाला हलके आणि तरीही वाकायला कठीण असे लाकूड हवे. थंड प्रदेशातला स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष या कसोटीला उतरतो. त्याची घनता घनमीटरला ४०० ते ४५० किलोच्या घरात, म्हणजे सागापेक्षा बरीच कमी असते. तरीही तंतूंच्या दिशेने त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. पोलादातला वेगही साधारण एवढाच असतो. तंतूंना आडव्या दिशेने मात्र हेच लाकूड दहापटींहून अधिक लवचीक असते. गिटारची सगळी रचना या एका गुणधर्माभोवती बेतलेली आहे.

युरोपातील कारागीर आल्प्सच्या परिसरातील स्प्रूस वापरत आले. अमेरिकेत आधी पूर्वेकडच्या ॲडिरॉन्डॅक भागातील लाल स्प्रूस वापरात होता. त्याची मोठी झाडे विरळ झाल्यावर, विसाव्या शतकाच्या मध्यापासून, अलास्कापर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस सर्रास वापरला जाऊ लागला. स्पॅनिश शास्त्रीय गिटारमध्ये माद्रिदच्या रामिरेझ घराण्याने १९६०च्या दशकात पश्चिम अमेरिकेतील लाल सीडारची तबली रूढ केली. सीडार स्प्रूसहून हलका आणि मऊ, नख लागले तरी खूण उमटते. त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून उबदार वाटतो, असे वादक सांगतात.

जातीचे नाव ठरले तरी निवड संपत नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत जेवढा फरक पडतो, तेवढा कधी कधी दोन जातींतही पडत नाही. चांगला कारागीर ओंडका करवतीने कापण्याआधी पाचर ठोकून फाडतो. फाटताना लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच जाते, त्यामुळे झाड वाढताना पीळ घेऊन वाढले आहे का, हे तिथेच उघड होते. पिळाचे लाकूड सरळ करवतीने कापले तर तंतू फळीच्या जाडीतून तिरके बाहेर पडतात. असे तुटके तंतू ताण नीट पेलत नाहीत, आणि रंधा एका बाजूने गुळगुळीत चालतो तर उलट बाजूने लाकूड उपटतो. तयार गिटारमध्येही हा दोष दिसू शकतो. तबली उजेडात धरून फिरवली की मधल्या जोडाच्या एका बाजूचा अर्धा भाग उजळ आणि दुसरा काळसर दिसतो; उलट दिशेने फिरवली की दोन्हींची अदलाबदल होते.

दुसरी अट कापाच्या दिशेची. फळी झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने कापलेली हवी, म्हणजे वार्षिक वलये फळीच्या जाडीत उभी राहतात. अशी फळी दमट हवेत सगळ्यात कमी फुगते, कोरड्या हवेत सगळ्यात कमी आकसते आणि आडव्या दिशेनेही जास्तीत जास्त ताठ असते. काप अचूक त्रिज्येत बसला की वलयांच्या रेघांना आडवी जाणारी बारीक रेशमी चकाकी दिसते. ही झाडाच्या मज्जाकिरणांची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची, खूण असते, आणि खरेदी करणारा कारागीर आधी तीच शोधतो. रेघा किती दाट आणि समान आहेत, यावर बाजारात प्रत आणि किंमत ठरते. ती प्रत प्रामुख्याने डोळ्यांसाठी आहे. थोड्या विरळ किंवा असमान रेघांची फळी ताठपणात पहिल्या प्रतीच्या फळीला मागे टाकू शकते, आणि अनेक नाणावलेले कारागीर अशा फळ्या मुद्दाम निवडतात.

त्यानंतर कानाची पाळी. फळीच्या टोकापासून साधारण पावपट अंतरावर तिला दोन बोटांत सैल धरून मध्यभागी टिचकी मारतात. ताठ, हलकी आणि नीट वाळलेली फळी स्वच्छ सूर देते व तो काही क्षण रेंगाळतो. ओली किंवा मऊ फळी ठक्क करून गप्प होते. सोबत ती लांबीत आणि रुंदीत हातांनी किंचित वाकवून पाहतात, वजन करतात, आणि या तिन्हींवरून ही फळी किती पातळ करता येईल याचा अंदाज बांधतात. दोन फळ्या दिसायला सारख्या असल्या तरी एक २.५ मिलिमीटरवर पुरेशी ताठ असते, तर दुसरीला ३ मिलिमीटर ठेवावे लागतात. जाडी ठरलेल्या आकड्याला नेऊन थांबवणे ही कारखान्याची रीत. हातकाम करणारा फळी वाकवत, टिचकी मारत, थोडे थोडे उतरवत जातो. हातच्या आणि कारखान्यातल्या गिटारमधला खरा फरक इथेच पडतो.

पाठ आणि बाजूंसाठी जड, कठीण लाकूड वापरतात : मेपल, महोगनी, अक्रोड, हवाई बेटांवरचा कोआ, आणि सर्वांत नावाजलेले रोझवुड. जगभर ‘इंडियन रोझवुड’ या नावाने विकले जाणारे लाकूड म्हणजे आपली शिसवी, शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. जुन्या वाड्यांतले शिसवी पलंग, देव्हारे आणि झोपाळे ज्या लाकडाचे, त्याच लाकडाची पाठ असंख्य गिटारना आहे. गाभ्याचे लाकूड जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेषा. घनमीटरला वजन ८०० किलोंच्या वर. रंधा चालवताना मंद गोडसर वास येतो. मात्र त्याची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून काम करताना तोंडावर मास्क लावावा लागतो. हे झाड पश्चिम घाटाच्या पानझडी जंगलांत वाढते. दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली मोठी झाडेही आहेत, आणि गिटारसाठी जाणारे बरेचसे लाकूड अशा मळ्यांतून येते.

शिसवीला हा मान ब्राझीलच्या रोझवुडमुळे मिळाला. एकोणिसाव्या शतकापासून उत्तम गिटारची पाठ ब्राझिली रोझवुडची असे. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९मध्ये भारतीय शिसवीकडे वळण घेतले आणि बाकीचे तिच्यामागे गेले. १९९२मध्ये ब्राझिली रोझवुड सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले आणि त्याचा व्यापार जवळपास थांबला. २०१७च्या जानेवारीत डाल्बर्जिया वंशातल्या इतर सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. तेव्हा गिटार घेऊन परदेशी कार्यक्रमाला निघालेल्या वादकांनाही कागदपत्रांची चिंता पडली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना या नियमातून सूट मिळाली. लाकडाच्या व्यापाराला परवाना अजूनही लागतो. भारतातून शिसवीचे ओंडके बाहेर नेण्यास बंदी आहे आणि कापलेल्या लाकडावरही जाडीचे कडक नियम आहेत. याच नियमांच्या अर्थावरून २०११मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीवर छापा घातला, कारण पडद्यांच्या पट्ट्यांसाठी भारतातून आलेले लाकूड. त्याआधी २००९मध्ये मादागास्करच्या एबनी या काळ्या, कठीण लाकडावरून छापा पडला होता. २०१२मध्ये कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली.

एवढे मोल देऊन पाठीच्या लाकडाने आवाज किती बदलतो? फार थोडा, असे पुरावे सांगतात. १८६२मध्ये आन्तोनियो दे तोरेस या स्पॅनिश सुतार-कारागिराने स्प्रूसची तबली ठेवून पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. नादाची किल्ली तबलीत आहे, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५मध्ये टेलर या अमेरिकी गिटार कंपनीने माल वाहण्याच्या ओक लाकडाच्या पॅलेटमधून गिटारची पाठ आणि बाजू बनवून हेच दाखवले. खिळ्यांची भोके लपवण्याऐवजी तिथे नक्षी जडवली. २०१८मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या. सगळ्या सारख्या, फक्त पाठ-बाजूंचे लाकूड वेगळे. त्यात ब्राझिली रोझवुडही होते आणि स्वस्त सापेलेही. मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे लावून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. सहाही गिटारना जवळपास सारखेच गुण मिळाले. दिसण्यासाठी, मजबुतीसाठी आणि परंपरेच्या प्रेमासाठी शिसवी निवडणे योग्यच आहे. तिच्यावाचून चांगली गिटार होत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण शिसवीचे झाड सावकाश वाढते आणि जंगलातली तिची संख्या चिंता वाटावी इतकी घटली आहे.

दांडीसाठी महोगनी किंवा सीडारसारखे हलके, सरळ तंतूंचे लाकूड घेतात. स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये दांडीच्या पोटात लोखंडी सळई बसवतात, म्हणजे बाक हवा तसा कमीजास्त करता येतो. पडद्यांच्या पट्टीला घासून न झिजणारे लाकूड लागते, तिथे शिसवी किंवा एबनी. कॅमेरूनमधील एबनीच्या व्यवहारात २०११मध्ये उतरल्यावर टेलर कंपनीच्या लक्षात आले, की गाभा पूर्ण काळा न निघता पट्टेदार निघाला तर तोडलेले झाड जंगलातच टाकून दिले जात होते. त्यानंतर कंपनीने पट्टेदार एबनीही वापरायला घेतली, आणि आता पट्टेदार पट्टी पाहून कोणी नाक मुरडत नाही.

कोणतेही लाकूड वापरण्याआधी मुरावे लागते. कापलेल्या फळ्या मध्ये काड्या घालून, हवा खेळती ठेवून रचतात. ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर येईपर्यंत, आणि त्यानंतरही शक्य तर काही वर्षे, त्या तशाच पडू देतात. जुन्या वाड्याचे दार किंवा तुळई मिळाली तर गिटार करता येईल का, असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. लाकूड नक्कीच मुरलेले असते. अडचण कापाची आणि रुंदीची असते : पाठीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला सुमारे २० सेंटिमीटर रुंद, त्रिज्येत कापलेली, खिळ्या-भेगांविना फळी लागते. पडद्यांची पट्टी आणि घोडी मात्र अशा तुकड्यातून उत्तम निघतात.

घडणीला सुरुवात जोडापासून होते. एकाच ठोकळ्यातून शेजारशेजारच्या दोन चकत्या काढून त्या पुस्तकासारख्या उघडतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींचे प्रतिबिंब होतात. जोडाच्या कडा लांब रंध्याने इतक्या सरळ करतात की दिव्यासमोर धरल्या तरी फटीतून उजेड येत नाही. मग सरसाने किंवा आजच्या पांढऱ्या-पिवळ्या गोंदाने चिकटवतात. तबलीच्या आतल्या बाजूला स्प्रूसच्याच पट्ट्या बसतात. तोरेसने घोडीखाली पंख्याच्या आकारात पट्ट्या पसरवण्याची पद्धत पक्की केली, ती शास्त्रीय गिटारमध्ये टिकून आहे. अमेरिकेत मार्टिनच्या कारखान्यात १८४०च्या दशकात फुलीच्या आकाराची रचना आली. पुढे स्टीलच्या तारांचा जादा ताण पेलायला तीच उपयोगी पडली. पट्ट्या चिकटल्यावर पटाशीने त्यांची टोके उतरवत नेतात. दर काही ढलप्यांनंतर टिचकी मारून सूर ऐकायचा आणि तबली मोकळी होऊ लागली की हात आवरायचा. एक ढलपी जास्त निघाली तर ती परत लावता येत नाही.

बाजूच्या पट्ट्या सुमारे २ मिलिमीटर जाड असतात. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर टेकवतात. पाणी उडून वाफ निघते, लाकडाला बांधणारे लिग्निन मऊ होते आणि हाताला अचानक जाणवते की पट्टी वाकायला राजी झाली. घाई केली तर कंबरेच्या वळणावर ती तडकते. वाकलेल्या बाजू साच्यात बसवून तबली आणि पाठ चिकटवली की पेटी तयार होते. मग दांडीचा सांधा आणि पडदे. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेला पहिला पडदा ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२५ वर येतो. अर्धा मिलिमीटर चुकला तरी गिटार सगळ्या स्वरपट्ट्यांत सुरात लागत नाही. शेवटी पॉलिश. शास्त्रीय गिटारवर आजही लाखेचे पॉलिश सर्वांत मानाचे, आणि त्या लाखेचा मोठा पुरवठा झारखंड-छत्तीसगढच्या जंगलांतून होतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने अतिशय पातळ थरांत चढवतात, कारण जाड थर तबलीचा कंप दाबून टाकतो.

कार्यशाळेतली हवा ४५ ते ५० टक्के दमट ठेवतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती ९० टक्क्यांच्या वर जाते. तबली फुगते, तारा पडद्यांपासून उंच उठतात आणि बोटे दुखू लागतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट घडते : लाकूड आकसते, पडद्यांची टोके हाताला टोचतात, आणि दुर्लक्ष झाले तर तबलीला मधोमध चीर जाते. म्हणून अखंड फळीची गिटार नेहमी पेटीत, ओलावा राखणाऱ्या किंवा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. हे जमणार नसेल तर प्लायची तबली बरी, ती कमी बोलते पण ऋतूंना दाद देत नाही. दोन्हींतला फरक ध्वनिछिद्राच्या कडेला कळतो : वरच्या रेघा कडेवरून वळून जाडीत तशाच खाली उतरल्या असतील तर फळी अखंड, आणि कडेला आडवे थर दिसले तर प्लाय.