पापक्षमेचा अधिकार (ख्रिस्ती धर्म)

पापांची क्षमा करण्याची सत्ता मूळची एकट्या देवाची असून येशू ख्रिस्ताने ती पृथ्वीवर स्वतःच्या अधिकाराने वापरली, ही ख्रिस्ती धर्मातील एक पायाभूत श्रद्धा. ती सत्ता पुढे चर्चकडे कोणत्या रूपात आली, यावर मात्र पंथापंथांत जुना वाद आहे.

या श्रद्धेचा मुख्य आधार मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कफर्णहूमचा प्रसंग. दाराशी गर्दी असल्याने चौघांनी छप्पर उसकटून एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट येशूपुढे सोडले. तो आला होता बरा व्हायला. येशूने आधी त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. तिथे बसलेल्या शास्त्र्यांना (यहुदी धर्मनियमांच्या पंडितांना) हे दुर्भाषण वाटले : देवावाचून पापांची क्षमा कोण करणार? या शास्त्र्यांना खलनायक ठरवण्याची घाई बरी नव्हे. त्यांचे म्हणणे यहुदी परंपरेला धरूनच होते. जुन्या करारातील लेवीय नियमांप्रमाणे याजक पापार्पण करी, पण क्षमा देवाची असे. दावीद राजाला क्षमेची वार्ता देणारा नाथान संदेष्टाही परमेश्वराचा निरोपच सांगत होता. येशूने त्यांचे हे गृहीतक खोडले नाही. मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे स्वतःला, पृथ्वीवर हा अधिकार आहे हे कळावे म्हणून त्याने त्या माणसाला उठून चालायला लावले. क्षमा डोळ्यांना दिसत नाही, चालणारा माणूस दिसतो; युक्तिवादाचे सारे बळ त्यात आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात (२०:२३) पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना म्हणतो, की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची ती होईल. या वचनाची कसोटी लवकरच लागली. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी जीव वाचवण्यासाठी रोमन देवतांना बळी अर्पण केले. त्यांना परत घेण्याचा अधिकार चर्चला नाही, अशी भूमिका रोममधील नोव्हाशियनने घेतली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावे असे मानले, आणि हेच मत टिकले.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (पाश्चात्त्य चर्चच्या धर्मसभेने) वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन सक्तीचे केले. गोव्यातले कॅथलिक यालाच कुमसार म्हणतात. १५१७ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने लिहिले, की पोप दोषमुक्ती देऊ शकत नाही. देवाने ती दिली आहे एवढे जाहीर करू शकतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये याला उत्तर दिले : पुरोहिताची क्षमा म्हणजे नुसती घोषणा नव्हे, तर न्यायाधीशाने निवाडा द्यावा तशी ती कृती आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत पुरोहित बहुधा ‘देव तुला क्षमा करो’ अशी प्रार्थना करतो. लॅटिन विधीत तो ‘मी तुला पापमुक्त करतो’ असे प्रथमपुरुषी म्हणतो, अर्थात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने.

कॅथलिक कायद्यात केवळ पुरोहितदीक्षा पुरत नाही, पापनिवेदन ऐकण्याची अधिकृत परवानगीही लागते. काही पापे खास वरिष्ठांकडे राखून ठेवलेली असतात. गर्भपाताच्या पापाबाबत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये जयंतीवर्षापुरती (चर्चच्या खास पवित्र वर्षापुरती) सर्व पुरोहितांना दिलेली क्षमा करण्याची मुभा २०१६ मध्ये कायम केली. मरणाच्या दारातल्या माणसाला मात्र कोणीही पुरोहित, पद सोडलेला असला तरी, क्षमा देऊ शकतो.