डॅशबोर्डच्या आधी पार्टीची नावं बघूया

आमच्याकडे बहुतेक जण येतात ते डॅशबोर्ड पाहिजे म्हणून, मोबाईलवर चार्ट दिसला पाहिजे, आज विक्री किती, उधारी कोणाकडे किती. ते होतं, नक्की करून देतो. पण आधी आम्ही तुमची एक्सेल मागतो, टॅलीतून निघते तशीच, काही साफसफाई न करता.

का ते सांगतो. एका होलसेल किराणावाल्यांची फाइल उघडली तर एकच पार्टी, म्हणजे माल घेणारा ग्राहक, तीन नावांनी, 'गणेश ट्रेडर्स', 'श्री गणेश ट्रेडर्स' आणि तिसऱ्यात नावाआधी एक जास्तीची स्पेस, जी डोळ्याला पटकन दिसतच नाही. आपल्यासाठी एक माणूस, कॉम्प्युटरसाठी तीन. उधारी तिघांत वाटली गेली आणि सगळ्यात मोठी थकबाकी असलेली पार्टी यादीत खालीच राहिली, मालक मात्र दुसऱ्यांनाच फोन लावत बसले. कितीही महागडं टूल घ्या, हे असंच होणार.

तारखेचंही तेच. 05/04 म्हणजे आपली 5 एप्रिल, पण सेटिंग अमेरिकन असेल तर ती 4 मे होते आणि 13 तारखेपासून पुढे सरळ एरर, कारण तेरावा महिनाच नाही. पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्याच डेटा साफ करायच्या साधनात, तारखेच्या कॉलमचा टाइप बदलताना 'युजिंग लोकेल' घेऊन इंग्लिश इंडिया निवडलं की प्रश्न मिटतो. पॉवर क्वेरी एक्सेल 2016 पासून डेटा टॅबमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत, आणि एकदा स्टेप्स लावल्या की पुढच्या महिन्यात नवी फाइल टाकून फक्त रिफ्रेश करायचं.

एकच दुकान आणि बघणारे तुम्ही एकटेच असाल तर एक्सेलमधलंच पिव्होट टेबल, म्हणजे बेरजांचा आपोआप बनणारा तक्ता, पुरे, आम्ही उगाच मोठं काही गळ्यात मारणार नाही. डेटा गुगल शीटमध्ये असेल तर लुकर स्टुडिओ, हे गुगलचंच डॅशबोर्डचं टूल, फुकटात चालतो. दोन-तीन शाखा असतील तर पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्डचं टूल, बघू, त्याचं कॉम्प्युटरवरचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, पण रिपोर्ट स्टाफला शेअर करायचा तर साधारणपणे प्रत्येकाला प्रो लायसन्स लागतं. पैसे वाचवायला कोणी 'पब्लिश टू वेब' सुचवलं तर कृपया करू नका, ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची उधारी दिसते, पासवर्ड वगैरे काही नसतो.

येताना मागच्या तीन महिन्यांचं सेल्स रजिस्टर आणा, आणि बिलं बनवणाऱ्या माणसालाही सोबत घेऊन या, कुठलं नाव कोणाचं हे त्यालाच माहीत असतं.