प्रोस्टेट कर्करोगातली ‘मूळ पेशी’: एका शब्दाची पार्श्वभूमी

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा पुरवठा तोडला की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो, हे १९४१ मध्ये शिकागोत दिसलं आणि १९६६ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. आक्रसलेला रोग परत का येतो, याचं उत्तर मात्र त्यानंतरची कित्येक दशकं कोणाकडेच नव्हतं. २००४ मध्ये डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध आलं. त्यानेही आयुष्य सरासरी दोनेक महिन्यांनीच वाढलं.

नेमक्या याच काळात ‘कर्करोगाची मूळ पेशी’ (कॅन्सर स्टेम सेल), म्हणजे गाठ पुन्हा उभी करू शकणाऱ्या मोजक्या पेशी, ही कल्पना प्रोस्टेटपर्यंत पोहोचली. रक्ताच्या कर्करोगात ती १९९४ मध्ये आणि स्तनाच्या कर्करोगात २००३ मध्ये मांडली गेली होती. प्रोस्टेटसाठी २००५ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेने जे केलं, ते समजायला सोपं आहे. रुग्णांच्या गाठींचे तुकडे घेऊन पेशी सुट्या केल्या आणि कोलॅजनचा थर दिलेल्या बशीत सोडल्या. पाच मिनिटांत ज्या चिकटल्या त्या ठेवल्या, बाकीच्या धुऊन टाकल्या. चिकटलेल्यांतून पृष्ठभागावर सीडी१३३ हे प्रथिन असलेल्या पेशी चुंबकी मण्यांनी वेचल्या. हातात उरल्या गाठीतल्या सुमारे ०.१ टक्का पेशी. त्यांच्यात अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोनं जिथे बसतात ते प्रथिन, नव्हताच, पण त्यांच्यापासून वाढलेल्या पेशींत तो दिसला.

औषध का हरतं याचं चित्र यातून फार सुबक उभं राहिलं. हार्मोन रोखणारं औषध रिसेप्टर असलेल्या पेशी मारणार, डोसिटॅक्सेल विभागणाऱ्या पेशींना पकडणार आणि संथपणे पडून राहणारी ही मूठभर बीजं दोन्हींतून सुटणार. जरा जास्तच सुबक, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गोंधळ शब्दातच आहे. ‘मूळ’ म्हणजे रोग जिथून सुरू झाला ती पेशी, की रोग आज जिच्या जिवावर वाढतो ती? २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका कार्यशाळेत व्याख्या ठरली: स्वतःसारखी पेशी पुन्हा घडवणारी आणि गाठीतल्या सगळ्या तऱ्हांच्या पेशी निर्माण करणारी ती कर्करोगाची मूळ पेशी. ती निरोगी मूळ पेशीपासूनच आलेली असावी, अशी अट घातली नाही. व्याख्या चोख होती, पण नाव तेच ठेवलं. मग २००९ मध्ये उंदरांत रोगाचा उगम ग्रंथीच्या आतल्या, स्राव करणाऱ्या थरातल्या पेशींतूनही होतो असं दिसलं, तर २०१० मध्ये मानवी पेशींच्या प्रयोगात तो तळच्या थराकडे बोट दाखवू लागला. दोन्ही निष्कर्ष उगमाबद्दलचे. वाचणाऱ्यांनी ते सर्रास औषधाला न जुमानणाऱ्या पेशींच्या खात्यावर मांडले. मराठीत तर ‘मूळ’ या शब्दातच उगम दडलेला, त्यामुळे आपल्याकडे घोळ दुप्पट. (‘स्कंधपेशी’ म्हटलं तर निदान हा चकवा टळतो, पण तो शब्द बोलतंय कोण?)

शिवाय कसोटी उंदराची: पेशी उंदरात टोचायची आणि गाठ धरते का ते पाहायचं. त्वचेच्या मेलॅनोमात गाठ धरणारी पेशी लाखांत एखादीही नसते असा समज होता. २००८ मध्ये प्रतिकारशक्ती आणखी दुबळी केलेले उंदीर वापरले, तेव्हा काही गाठींत चारातली एक पेशी गाठ धरू लागली. म्हणजे दुर्मीळपणा पेशीचा होता की उंदराचा? प्रोस्टेटच्या ०.१ टक्क्याकडे तेव्हापासून मी सावधपणेच पाहतो.

दरम्यान मूळ पेशीऐवजी रिसेप्टरकडेच बोट दाखवणारी दुसरी फळी पुढे सरकली. वाढलेला रिसेप्टर अवरोधक औषधालाच उत्तेजक म्हणून वापरतो, हे २००४ मध्येच दिसलं होतं. अबिराटेरोन (हार्मोन तयार होणंच थांबवणारं) २०११ मध्ये आणि एन्झाल्युटामाइड (रिसेप्टर अडवणारं) २०१२ मध्ये आलं ते रिसेप्टरचा रस्ता अजून चालू आहे हे धरूनच, आणि दोन्ही लागू पडली. २०१४ मध्ये औषध जिथे बसतं तो भागच नसलेला रिसेप्टर रुग्णांच्या रक्तातल्या कर्कपेशींत सापडला. त्या रुग्णांत ही दोन्ही औषधं निष्प्रभ ठरत होती. इथे मूळ पेशीची गरजच लागली नाही.

ती परत आली २०१७ मध्ये, वेगळ्या वेषात. पी५३ आणि आरबी ही कर्करोगाला आवर घालणारी दोन्ही जनुकं गमावलेल्या साध्या कर्कपेशी एन्झाल्युटामाइडच्या माऱ्याखाली आपली ओळख बदलतात आणि सॉक्स२ हे मूळ पेशींचं जनुक चालू करतात, असं दिसलं. आधीपासून लपून बसलेली बीजं नव्हेत, औषधाखाली तशा झालेल्या पेशी. दवाखान्यात याचंच टोकाचं रूप भेटतं: पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते, रोग मोजायचं प्रथिन) खाली, अहवाल समाधानकारक आणि स्कॅनवर यकृतात नव्या गाठी.