सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांचे प्रमाणन

वेगवेगळ्या उत्पादकांकडून पीएलसी (यंत्रे चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा औद्योगिक नियंत्रक), ड्राइव्ह (मोटारचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), सेन्सर आणि संगणक घेऊन त्यांची जुळणी करणाऱ्या, त्यांचे प्रोग्रॅम लिहून कारखान्याला एकसंध स्वयंचलित नियंत्रण-यंत्रणा उभारून देणाऱ्या कंपनीला सिस्टिम इंटिग्रेटर म्हणतात. अशा कंपनीचा कारभार व कामाची पद्धत त्रयस्थ परीक्षकाने ठरलेल्या निकषांवर तपासून प्रमाणपत्र देणे म्हणजे तिचे प्रमाणन होय. हे प्रमाणपत्र कंपनीच्या कार्यपद्धतीला मिळते. तिने बसवलेल्या मालाची किंवा तिच्याकडील एखाद्या इंजिनिअरच्या कौशल्याची हमी त्यातून मिळत नाही, आणि गिऱ्हाइकांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. पीएलसी उत्पादकाचे ‘अधिकृत भागीदार’ असल्याचे पत्र हा मुख्यतः विक्रीव्यवहाराचा दाखला असतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशनची ‘सर्टिफाइड ऑटोमेशन प्रोफेशनल’ ही परीक्षा व्यक्तीची असते, त्यामुळे ती उत्तीर्ण झालेला माणूस नोकरी सोडून गेला की त्याची पात्रताही त्याच्याबरोबर जाते.

या क्षेत्रापुरते खास प्रमाणन कंट्रोल सिस्टिम इंटिग्रेटर्स असोसिएशन या अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने रूढ केले. तिच्या उत्तम कार्यपद्धतींच्या पुस्तिकेत तांत्रिक बाबींच्या बरोबरीने सर्वसाधारण व्यवस्थापन, मनुष्यबळ, विक्री, आर्थिक शिस्त, प्रकल्प-व्यवस्थापन आणि गुणवत्ता यांचेही निकष आहेत, आणि त्यांवरच कंपनीची तपासणी होते. नियंत्रण-यंत्रणेच्या तपासणीत ताळेबंदाचे काय काम, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु अर्ध्या कामावर पैशाअभावी अडकलेल्या इंटिग्रेटरमुळे कारखान्याचे होणारे नुकसान चुकीच्या प्रोग्रॅममुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी नसते. प्रमाणपत्र कायमचे नसते. ठरावीक मुदतीनंतर फेरतपासणी करून घ्यावी लागते. आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता-प्रमाणपत्र कोणत्याही धंद्याला घेता येते, त्याची मुदत तीन वर्षांची असते. मात्र प्रोग्रॅमच्या आवृत्त्या कशा जपाव्यात, यासारख्या या व्यवसायाच्या खास प्रश्नांची तपशीलवार उत्तरे त्यात मिळत नाहीत.

बेळगाव सीमाभागात या कामाला गिऱ्हाईक भरपूर आहे. खानापूर रस्त्यावरील उद्यमबाग व मच्छे, महामार्गालगतचे काकती व होनगा आणि सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातील शिनोळी या वसाहतींत फाउंड्र्या, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, पॉवर पॅक बनवणारे कारखाने आहेत. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात साखर कारखाने पसरलेले आहेत. साखर कारखान्याचे काम घेणाऱ्याला तारीख पुढे ढकलता येत नाही, कारण गव्हाणीत मोळी पडायच्या आत रसाच्या टाकीपासून बॉयलरपर्यंतची नियंत्रणे चालू झालेली असावी लागतात. अशा घाईत सर्वप्रथम कात्री लागते ती चाचणीला, आणि परीक्षकही नेमक्या त्याच नोंदी आधी मागतो.

पॅनेल, म्हणजे पीएलसी व वायरिंग बसवलेली नियंत्रण-पेटी, कारखान्यात पाठवण्यापूर्वी इंटिग्रेटरच्या शेडमध्येच गिऱ्हाइकासमोर जी चाचणी होते, तिला सगळे ‘एफएटी’ (फॅक्टरी अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट) म्हणतात. फाउंड्रीच्या वाळू मिक्सरचे पॅनेल असेल, तर एकजण फेरूलवरचा, म्हणजे वायरच्या टोकावरील नळीवरचा, क्रमांक मोठ्याने वाचून ती वायर जोडलेल्या टर्मिनलला सिग्नल देतो, दुसरा पीएलसीच्या कार्डावरचा तोच दिवा लागला का ते पाहतो आणि तिसरा यादीवर खूण करतो; वायर चुकीच्या जागी निघाली, तर ड्रॉइंगवर लाल पेनाने दुरुस्ती होते. साच्याच्या ओल्या वाळूत साधारण तीन ते चार टक्के पाणी लागते आणि ते वाढले की कास्टिंगमध्ये वायूची भोके पडतात, म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह सेन्सर बिघडल्यावर उघडा राहतो की बंद होतो, हेही तेव्हाच तपासून लिहून ठेवायचे असते. लाल खुणांचे हे ड्रॉइंग पुढे नीट काढून गिऱ्हाइकाला मिळाले का, यावरून परीक्षकाला कंपनी कळते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात भरलेली फाइलही त्याला ओळखू येते: तारखा दोन वर्षांच्या आणि शाई एकाच पेनाची.

प्रोग्रॅमचा बॅकअप हा याहून नाजूक विषय आहे. लॅडर (शिडीसारख्या आकृतीतून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत) यासारख्या पीएलसी-भाषांना आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९३ मध्ये शिस्त लावली; तरीही दुसऱ्याचा टिप्पणीविरहित प्रोग्रॅम समजून घेणे अवघडच असते, आणि मूळ फाइल व पासवर्ड काम सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवरच राहिले असतील, तर एक टायमर बदलण्यासाठी सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागतो. पासवर्ड अडवून ठेवला की गिऱ्हाईक आपल्याकडेच राहते, असा समज असणारे इंटिग्रेटर आहेत. हा समज आणि प्रमाणन एकत्र नांदू शकत नाहीत. स्टक्सनेट हा पीएलसीपर्यंत पोचणारा व पेन ड्राइव्हवरूनही पसरणारा व्हायरस २०१० मध्ये उघडकीस आल्यानंतर प्रोग्रॅमिंगच्या या लॅपटॉपकडे सुरक्षेच्या दृष्टीनेही पाहिले जाऊ लागले. आयईसी ६२४४३-२-४ हे २०१५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले सायबर सुरक्षेचे मानक अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांनाच उद्देशून आहे.

प्रमाणन ऐच्छिक आहे. विद्युत ठेकेदाराचा परवाना मात्र कायद्याने लागतो आणि तो राज्य सरकार देते. त्यामुळे उद्यमबागेतील कंपनीने शिनोळीत विद्युत जोडणीचे काम घेतले, तर मोटारसायकलवरून सहज गाठता येणाऱ्या त्या अंतरातही महाराष्ट्राच्या परवान्याचा प्रश्न येतो. प्रमाणपत्राला अशी हद्द नसते. चार-पाच माणसांच्या कंपनीला संपूर्ण तपासणीचा खर्च झेपेलच असे नाही, आणि गिऱ्हाईक शेजारच्याच गाळ्यातील असेल तर तो करण्याचे कारणही नसते. तिने निकष वाचून आवृत्तीची नोंद, चाचणीची यादी आणि हस्तांतराची पावती एवढे सुरू केले, तरी निम्मे काम झाले. निर्यातदार कारखान्यांची कामे घ्यायची असतील, तर प्रमाणपत्राची विचारणा निविदेतच होऊ शकते. शिवाय अमेरिकेला जाणाऱ्या यंत्राच्या पॅनेलसाठी यूएल ५०८ए हे औद्योगिक नियंत्रण-पॅनेलचे वेगळे मानक पाहावे लागते.

कामाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या गरजांचा दस्तऐवज लिहिताना या भागात आणखी एक रकाना ठेवावा लागतो, तो भाषेचा. एकाच पाळीत खानापूरकडचा मराठी आणि गोकाककडचा कन्नड ऑपरेटर असू शकतो, म्हणून स्क्रीनवरील धोक्याच्या सूचना कोणत्या भाषांत हव्यात हे सुरुवातीलाच ठरवून त्यावर गिऱ्हाइकाची सही घेतात. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा कारखान्यात प्रत्यक्ष चालू करण्याच्या, दिवशी हा विषय निघाला, तर प्रत्येक सूचना नव्याने भरून पुन्हा तपासावी लागते.