कडी किती लांबून टाकायची? उद्योजकतेच्या पदवीमागची गोष्ट

जमिनीवर एक खुंटी. हातात दोरीच्या चार-पाच कड्या. कडी फेकून खुंटीत अडकवायची, एवढाच खेळ. पण उभं कुठे राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी खुंटीला चिकटून उभा राहतो, हात लांबवला की कडी आत. कुणी पार भिंतीपाशी जाऊन नशिबाच्या भरवशावर फेकतो. आणि काही जण मधलं अंतर धरतात. कडी हुकली तर पाऊलभर पुढे येतात, बसली तर थोडं मागे सरकतात. धंदा उभा करणारी माणसं बहुतेक या तिसऱ्या प्रकारची असतात, असं डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. कर्तबगारीची ही ओढ जन्मजात नसते, ती शिकवता येते, असंही ते म्हणत. ते तपासायला त्यांनी आंध्र प्रदेशातलं काकीनाडा हे बंदराचं गाव निवडलं. १९६४ साली तिथले पन्नासेक व्यावसायिक हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावले गेले. चित्रं पाहून गोष्टी रचणं, स्वतःचं उद्दिष्ट आकड्यात मांडणं आणि असे खेळ, असं ते काही दिवसांचं शिबिर होतं. पुढची दोन वर्षं या लोकांवर नजर ठेवली गेली. शिबिराला न आलेल्यांच्या तुलनेत यांनी जास्त नवे उद्योग काढले, जास्त माणसं कामाला लावली.

बारावीनंतर 'बीबीए उद्योजकता' असं लिहिलेलं माहितीपत्रक हातात पडतं, तेव्हा हे काल-परवा निघालेलं खूळ वाटतं. तसं ते नाही. त्यामागे दोन वेगवेगळे प्रवाह आहेत. एक कॉमर्स कॉलेजचा, दुसरा काकीनाड्यापासून निघालेला शिबिरांचा. पदवीनं नाव दुसऱ्याचं घेतलं आणि अंगरखा पहिल्याचा घातला. त्या बदलाबदलीत एक मोलाची गोष्ट वाटेत गळून पडली, असं माझं ठाम मत आहे.

आधी कॉमर्स कॉलेजबद्दल. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून त्याची ओळख आहे. त्याआधी धंद्याचं शिक्षण मिळायचं ते पेढीवर. पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला की गादीशेजारी बसायचा, कीर्द-खतावणी बघायचा, उधारी मागायला जायचा, माल पारखायला शिकायचा. ज्याच्या घरात पेढी नाही, त्याला हे शिक्षण नाही. कॉलेजनं ते दार उघडलं, ही मोठीच गोष्ट. पण उघडलं ते हिशेबनीस, बँक अधिकारी आणि लेखापरीक्षक व्हायला. जमाखर्च, बँकिंग, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र. म्हणजे दुसऱ्यानं उभा केलेला धंदा नीट चालवण्याची विद्या. धंदा काढायचा कसा, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नव्हताच, आणि त्या काळी जगात फारसा कुठेच नव्हता.

याच सिडनहॅममध्ये नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देणारा स्वतःचा व्यवसायही काढून पाहिला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, विषयावर हुकमत. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाइकं फिरकेनात आणि व्यवसाय बंद करावा लागला. उद्योजकता म्हणजे कौशल्य अधिक जिद्द, असं सोपं गणित फळ्यावर मांडलं जातं, तेव्हा मला हटकून हा प्रसंग आठवतो. कौशल्य होतं, जिद्द तर अफाट होती. नव्हता तो बाजाराचा विश्वास, आणि तो बाजार जात बघून देत होता. पुढे २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केलं. त्या कामाची गरज का पडली, याचं उत्तर या प्रसंगात आहे. उद्योजकतेच्या वर्गात हा धडा मला तरी कुठे शिकवलेला दिसला नाही. तो असायलाच हवा.

मराठी मुलखात त्या काळातही उद्योग उभे राहत होते, पण ते वर्गाबाहेर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत आधी चित्रकला शिकले आणि मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान आधीपासून होतंच. सायकल विकायची आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचे, हा त्यांचा पहिला धडा. पुढे लोखंडी नांगर केले, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. बेळगावच्या नगरपालिकेनं जागेवरून उठवलं, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी सुरू झाली. यातलं शिक्षण कोणतं आणि भांडवल कोणतं, हे वेगळं काढताच येत नाही.

विद्यापीठात हा विषय शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत. फेब्रुवारी १९४७ मध्ये हार्वर्डच्या एमबीए विद्यार्थ्यांसाठी माइल्स मेस यांनी नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनाचा वर्ग सुरू केला. १८८ विद्यार्थी बसले. लढाईवरून परतलेले तरुण होते, त्यांना मोठ्या कंपन्यांच्या शिडीवर चढण्यापेक्षा स्वतःचं काही करायचं होतं. पदवीपूर्व पातळीवर हा विषय खऱ्या अर्थानं रुजवला तो मॅसॅच्युसेट्समधल्या बॅबसन कॉलेजनं. तिथली एक रीत इथे सांगायलाच हवी. पहिल्या वर्षाच्या मुलांचे गट करतात. प्रत्येक गटाला कॉलेज थोडं भांडवल उसनं देतं. त्यातून त्यांनी खराखुरा माल किंवा सेवा विकायची, कामाची खाती आपसात वाटून घ्यायची, वर्ष संपताना धंदा रीतसर गुंडाळायचा, कॉलेजचे पैसे परत करायचे आणि उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्याच वर्षी कळतं की न विकलेला माल खोलीत पडून राहतो आणि भागीदार मित्र फोन उचलत नाही.

फिनलंडमधल्या युवास्क्युला शहरातली तिमिआकातेमिया ही उद्योजकतेची शाळा याहून पुढे गेली. १९९३ साली योहानेस पार्तानेन या शिक्षकानं ती सुरू केली. पदवी बीबीएचीच, पण मुलं आल्या आल्या आपली सहकारी संस्था काढतात आणि तीच त्यांची शाळा. व्याख्यानांऐवजी गोलात बसून चर्चा, परीक्षेऐवजी गिऱ्हाइकं.

आता पुन्हा आपल्याकडे. काकीनाड्याचा धागा पुढे नेला गुजरातनं, आणि तिथे घटनांचा क्रम फार बोलका आहे. १९६९च्या सुमाराला तिथल्या सरकारी महामंडळांनी तंत्रज्ञांसाठी योजना काढली: हातात कसब आहे पण घरात पैसा नाही, अशांना तारणाशिवाय जवळजवळ पूर्ण कर्ज. अनुभवानं कळलं की नुसत्या पैशानं भागत नाही. माणूस निवडावा लागतो, बाजार समजावून द्यावा लागतो, प्रकल्प अहवाल करायला शिकवावं लागतं, आणि धंदा सुरू झाल्यावरही काही काळ पाठीशी उभं राहावं लागतं. म्हणून १९७० पासून सुमारे तीन महिन्यांचे उद्योजकता विकास कार्यक्रम (ईडीपी) सुरू झाले. वर्ग संपला की औद्योगिक वसाहतीतला गाळा आणि कर्ज यांची वाट मोकळी. म्हणजे आधी कर्ज आलं, मग वर्ग. शिक्षण जन्माला आलं तेच भांडवलाच्या पोटी. या कामाचे एक प्रमुख शिल्पकार डॉ. व्ही. जी. पटेल. १९८३ साली अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था निघाली, तिचे ते संस्थापक संचालक झाले. आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय आणि स्टेट बँक हे तिचे प्रवर्तक. सगळ्या कर्ज देणाऱ्या संस्था.

महाराष्ट्रात १९८८ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झालं. तालुक्या-तालुक्यांत त्यांची शिबिरं भरली, 'उद्योजक' मासिक गावोगाव गेलं. जिल्हा उद्योग केंद्राच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही 'ईडीपीचं सर्टिफिकेट' हा शब्द ठाऊक असतो. १९९३ची पंतप्रधान रोजगार योजना आली तेव्हा प्रशिक्षणाशिवाय कर्ज सुटत नसे, आणि पुढे आलेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातही (पीएमईजीपी) प्रशिक्षणाची अट ठेवली गेली. पुष्कळांनी हे वर्ग केवळ सर्टिफिकेटासाठी केले, हे खरं. तरीही वर्ग आणि बँक यांच्यामधला दोर तुटला नव्हता.

पदवीत तो तुटला. मुंबई विद्यापीठानं १९९९-२००० मध्ये बीएमएस ही व्यवस्थापनाची पदवी सुरू केली, पुण्याकडे बीबीए-बीबीएम फोफावलं. उदारीकरणानंतर कंपन्यांना व्यवस्थापकांच्या हाताखालची माणसं हवी होती आणि मध्यमवर्गाला साध्या बीकॉमपेक्षा वजनदार नाव हवं होतं. उद्योजकता त्यात एखाद्या सत्रातला एक पेपर म्हणून आली, पुढे कुठे कुठे विशेष विषय झाली. १६ जानेवारी २०१६ ला केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया मोहीम सुरू झाली आणि आधी ज्याला धंदा म्हणत त्याला स्टार्टअप म्हणू लागले. कॉलेजांनी 'ई-सेल' म्हणजे उद्योजकता कक्ष काढले, माहितीपत्रकांवर उद्योजकता ठळक झाली.

मी अशा विद्यार्थ्यांच्या प्रकल्प फायली तपासल्या आहेत. त्यातली एक विसरता येत नाही. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, आत एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीच्या बलस्थानांचा आणि उणिवांचा तक्ता, सगळा इंटरनेटवरून उतरवलेला. तोंडी परीक्षेत सहज विचारलं, घरी कोण काय करतं? म्हणाली, आई डबे देते. किती? रोजचे चाळीस. भाव वाढले तेव्हा काय केलंत? आणि मग ती मुलगी दहा मिनिटं थांबली नाही. तेलाचा डबा कधी घ्यायचा, कोणतं ऑफिस महिनाअखेरीला पैसे थकवतं, दोन पोळ्यांवर आलो तर गिऱ्हाईक तुटतं पण भाजीचा चमचा किंचित लहान केला तर चालतं, डबा पोचवणारा मुलगा आजारी पडला तर ती स्वतः कॉलेजला यायच्या आधी कुठे कुठे जाते. हे फायलीत का नाही लिहिलंस, विचारलं तर ओशाळून म्हणाली, सर, ते कुठे बिझनेस आहे?

त्या पोरीला कुणी तरी सारस सरस्वती यांचं काम दाखवायला हवं होतं. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या या संशोधकीनं कार्नेगी मेलन विद्यापीठात सत्तावीस मुरलेल्या उद्योजकांसमोर एका काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि त्यांना मोठ्यानं विचार करायला लावलं. दिसलं ते असं, की ही माणसं आधी बाजाराचं मोजमाप करून आराखडा आखत बसत नाहीत. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचे कोण, इथून सुरुवात करतात, आणि बुडालं तर किती बुडालेलं परवडेल ते ठरवतात. २००१ साली छापलेल्या लेखात त्यांनी हे समजावून द्यायला उदाहरण कोणतं घेतलं? भारतीय जेवणाचं हॉटेल. पैसे नाहीत, तर ओळखीच्यांच्या ऑफिसात जेवण पोचवण्यापासून सुरुवात करता येईल. म्हणजे डबेच. त्या सिद्धांताला 'इफेक्च्युएशन' म्हणतात आणि जगभरच्या उद्योजकतेच्या वर्गांत तो आज शिकवला जातो. त्या मुलीच्या आईच्या ओट्यावर तो रोज पहाटे पाचला राबवला जात होता.

अलीकडे चौकट पुन्हा बदलली आहे. २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं; स्वतःच्या उद्योगासाठी सत्राची सुट्टी, हजेरीत सवलत, प्रकल्प म्हणून स्वतःचाच उद्योग, अशी मुभा त्यात आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी परीक्षा देणारे जागांच्या मानानं इतके कमी की सीईटी पुन्हा घ्यावी लागली, आणि काही कॉलेजांनी पदवीचं नाव बदलून बीकॉमची वाट धरली. या धांदलीत चर्चा झाली ती नावाची, शुल्काची आणि रिकाम्या जागांची.

हरवलेला दोर पुन्हा जोडायचा तर नमुने इथेच आहेत. बीज भांडवल योजना जिल्हा उद्योग केंद्रांनी राबवली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज देणारी स्टँड-अप इंडिया योजना २०१६ मध्ये निघाली आणि २०२५ पर्यंत चालली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर गरिबांच्या पोरांना घाम गाळून पदवीपर्यंत नेलं, ती रीत आपल्या विद्यापीठांत अजून चालू आहे. बीबीएच्या पहिल्या वर्षाला पाच मुलांच्या गटाला वीस हजार रुपये मोजून द्यावेत, वर्षअखेर हिशेब मागावा, बुडाले तर का बुडाले ते लिहून घ्यावं आणि त्यालाही गुण द्यावेत. साठ मुलांच्या वर्गाला दोन लाख चाळीस हजार लागतात. त्यातले निम्मेअधिक परत येतील असं मला वाटतं, आणि डबेवाल्या बाईंच्या मुलीचा गट तर नक्कीच परत करील.